हवा लागू देऊ नका

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पैठणजवळच्या एका रोपवाटिकेच्या कुंपणाशी माझा मुक्काम असतो. चाकांच्या जागी विटा आहेत, इंजिन केव्हाच काढून नेलं आहे आणि मागच्या हौद्यात सध्या पेरूची रोपं वाढतात. शाळा सुटली की पोरं येऊन माझं स्टेअरिंग फिरवतात आणि तोंडानं घुर्र घुर्र करतात. मला ते आवडतं. पण परवा त्यातला एक जण म्हणाला, "ही गाडी बंद पडायची म्हणून विकली होती म्हणे." ते ऐकलं आणि राहवलं नाही. मी बंद पडत होते, हे खरं आहे. का पडत होते, ते मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. आज सांगते. आधीच बजावून ठेवते, गोष्ट हसण्याची नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली पुंजारामनं मला घरी आणलं. आज ज्याला तुम्ही छत्रपती संभाजीनगर म्हणता, त्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पाट्या बदलल्या, मालक बदलले, माझा नंबर तेवढा एमएच वीसचाच राहिला. पुंजाराम फुलंब्रीपासून दोन कोसांवरच्या एका वाडीत राहायचा. बारा वर्षं त्यानं लोकांच्या गाड्या चालवल्या होत्या. मी त्याची पहिली स्वतःची गाडी. पहिल्या दिवशी त्याची बायको सारजाबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली, माझ्या कपाळावर स्वस्तिक काढलं आणि शेजारणीला म्हणाली, "आली बया माझी सवत! आता हे घरी कशाला थांबत्यात?"

पुंजाराम लाजला. मीही लाजले असते, पण मला तसा रंग बदलता येत नाही.

खरं सांगायचं तर सवतीला कुणी एवढं जपत नाही. सारजाबाई मला धुवायची, काचा पुसायची, समोरच्या आरशाला रिबीन बांधायची. पुंजारामनं चिखलाच्या पायानं आत पाय टाकला की ओरडायची. तिनं सीटवर घालायला जुन्या लुगड्यांची एक छोटी गोधडी शिवली होती. तिचा टाका साऱ्या वाडीत ओळखू यायचा. एक लांब, दोन आखूड, मग पुन्हा एक लांब. तिच्या आईनं शिकवलेला टाका होता तो. वाडीतल्या बाया म्हणायच्या, सारजाची गोधडी फाटंल, टाका उसवायचा नाय.

मी आलं वाहायची. आमच्याकडं आल्याची शेती भरपूर. धुतलेल्या आल्याच्या गोण्या पहाटे भरायच्या, चौक्याचा घाट ओलांडायचा, हर्सूल मागं टाकून शहराच्या बाजारात उतरवायच्या. माझ्या हौद्याला आल्याचा असा वास बसला होता की लग्नाचं वऱ्हाड नेलं तर नवरीच्या शालूलाही तो लागायचा. कुणाचं कपाट शहरातल्या गुलमंडीहून आणलं, कुणाची म्हैस दवाखान्यात नेली, कुणाची बाळंतीण माहेरी पोचवली. पाच वर्षांत मी वाटेत एकदाही थांबले नाही. लोक घड्याळ न बघता म्हणायचे, "पुंजारामची गाडी गेली, म्हणजे सात वाजले." मित्रांनो, यंत्राला याहून मोठं कौतुक नसतं.

सहाव्या वर्षी, गणपतीच्या दिवसांत, मी पहिल्यांदा आजारी पडले. टाकीपासून पंपाकडं जाणारी माझी रबरी नळी म्हातारी झाली होती. तिला चीर पडली आणि तिथून डिझेलबरोबर हवा आत शिरू लागली. इंजिन ठसकायचं, गचके द्यायचं, मग बंद. पुंजारामनं मला हर्सूलला शेख लाल मिस्त्रीकडं नेलं. लालमिस्त्री म्हणजे मोठा माणूस. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. त्यानं पाच मिनिटांत चीर शोधली, नळी बदलली, फिल्टरवरचा बारका स्क्रू ढिला करून तिथलाच डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारला. आधी फेस आला, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळत तो म्हणाला, "देख पुंजारामभाऊ, डिझलकू हवा लगने देऊ नक्को. हवा लगी के खेल खलास."

बोलला तो नळीबद्दल. पण बोलताना नळी हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. मिस्त्री लोकांना वाटतं, आपल्या डोळ्यांपुढं जे आहे ते ऐकणाऱ्यालाही दिसतंय.

पुंजारामनं घरी येऊन जेवताना तेच सांगितलं. "मिस्त्री म्हनला, डिझेलला हवा लागू द्यायची नाय."

सारजाबाईला हे लगेच पटलं. का नाही पटणार? तिचं निम्मं आयुष्य हवेशी भांडण्यात गेलं होतं. हवा लागली की पापड सादळतात, लोणच्याला बुरशी येते, गूळ पाझरतो. बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं, वर झाकण, झाकणावर दोरी. हवा म्हणजे सगळ्या साठवणीचा वैरी. डिझेल तरी काय, साठवणच की!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती मला धूत होती. पुंजाराम झेंडू आणायला गेला होता. धुता धुता तिनं माझ्या टाकीचं झाकण काढून पुसलं, आणि तिला दिसलं की झाकणाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं एक भोक आहे. तिनं ते उजेडात धरून पाहिलं. आरपार दिसत होतं. "अगं बया," ती स्वतःशीच म्हणाली, "हितून शिरती व्हय हवा!"

ती घरात गेली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन गोल तुकडे विळीवर कापले, एकावर एक ठेवून कडेनं जाड दोऱ्यानं शिवले आणि ती चकती झाकणाच्या आत घट्ट बसवली. मधल्या भोकात कपड्याच्या साबणाचा तुकडा अंगठ्यानं दाबून भरला. डिझेल गळायला लागलं तर साबण लावतात, हे तिनं पुंजारामलाच करताना पाहिलं होतं. मग झाकण लावलं, दोन्ही हातांनी आवळलं आणि वर हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी पाहुणेरावळे आले, आणि एवढीशी गोष्ट नवऱ्याला सांगायची राहून गेली.

मित्रांनो, तुम्हाला माझ्या पोटातली एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. डिझेल जसजसं खर्च होतं, तसतशी टाकीत जागा रिकामी होते. त्या जागेत बाहेरून हवा यावीच लागते. म्हणून कारखानदारानं झाकणाला ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. ते माझं नाक. ते बुजवलं की टाकी आतून ओढून धरते, डिझेल जागचं हलत नाही, आणि इंजिन भरल्या टाकीशी उपाशी मरतं. नळीत हवा नको आणि टाकीत हवा हवी, असा हा उलटा संसार आहे. तो सारजाबाईला कुणी सांगितला नव्हता, आणि मला तोंड नव्हतं.

दसऱ्यानंतर मी बंद पडू लागले. दहा-पंधरा किलोमीटर चालायची आणि घाटात, पुलावर, भर चौकात दम तोडायची. किल्ली फिरवावी तर नुसती घर्रघर्र. अर्ध्या तासानं मात्र काहीच झालं नाही अशी चालू व्हायची. कारण ठाऊक आहे? सारजाबाईच्या सुईनं त्या रबराला जी भोकं पडली होती, त्यांतून मुंगीच्या पावलानं हवा आत झिरपायची. तिच्याच टाक्यांनी माझा गळा आवळला होता आणि तिचेच टाके मला थोडा थोडा श्वास देत होते.

लालमिस्त्रीनं फिल्टर बदलला. मग हातपंप बदलला. मग डिझेल पंप उतरवून शहरात तपासून आणला, नोझल साफ केले. दर वेळी गॅरेजमध्ये मी खडखडीत बरी. तिथं उभं राहून राहून माझ्या टाकीतली ओढ सैल झालेली असायची. पुंजारामला वाटायचं, झालं. परतताना चौक्याच्या घाटात पुन्हा तेच. पेट्रोल पंपावरचा माणूस झाकण काढताना एकदा म्हणाला, "मामा, तुमची टाकी तर फुसकारा मारती!" पुंजाराम खिडकीतूनच म्हणाला, "उन्हानं तापली आसंल." तो खाली उतरला असता तर? पण जर-तरला काही अर्थ नाही. बाजारातले लोक हसू लागले. एक व्यापारी म्हणाला, "पुंजाराम, आता आल्याबरोबर दूध-साखर पन भरत जा, थांबलास की चहा तरी व्हईल." तो हसला नाही. मलाही लाज वाटली.

भाऊबीजेला सारजाबाई माहेरी गेली. तिचा भाऊ कडूबा पैठणच्या पुढं राहायचा आणि म्हातारी आई, मनकर्णाबाई, त्याच्याकडं असायची. जाताना मी दोनदा थांबले, पण सणाचा दिवस होता, कुणी मनावर घेतलं नाही. मनकर्णाबाई खूप थकली होती. परत निघताना ती काठी टेकत माझ्या दारापाशी आली आणि लेकीचा हात धरून म्हणाली, "सारजे, कडूबा खांदा दिईलच. पन माझ्या तोंडात पानी तुझ्या हातचं पडू दे. तेवढं कर, माय."

"आसं बोलू नगं," सारजाबाई म्हणाली. पण तिनं मान हलवली होती. मी पाहिलं.

पंधरा दिवसांनी सकाळी आठ वाजता वाडीतल्या नानासाहेबांच्या किराणा दुकानात फोन आला. कडूबाचा होता. माय बोलायची थांबली आहे, डोळे उघडे आहेत, लगेच निघा. नानासाहेब स्वतः चपला न घालता पळत आले. सारजाबाईनं चुलीतलं लाकूड ओढलं, तांब्या घेतला आणि येऊन माझ्यात बसली. ती रडत नव्हती. ती फक्त म्हणाली, "चला."

"यष्टीनं जायचं का?" पुंजारामनं विचारलं. माझ्यावरचा त्याचा विश्वास डळमळला होता, हे मला तेव्हा कळलं.

"यष्टी कवा यावी, शहरात कवा बदलावी. गाडीनंच चला. परवाच पंप नीट केलाय ना?"

आणि पुंजारामनं हर्सूलला टाकी काठोकाठ भरली. वाटेत कुठं थांबायला लागू नये म्हणून. मित्रांनो, टाकी जेवढी भरलेली, तेवढी आत हवेला जागा कमी, आणि माझा जीव तेवढा लवकर गुदमरायचा. त्या दिवशी दोघांनी माझ्यासाठी जे जे चांगलं केलं, ते ते उलटं पडलं.

शहर ओलांडलं. पैठण रस्त्याला लागलो आणि नक्षत्रवाडीच्या पुढं मी पहिल्यांदा थांबले. पुंजारामनं उडी मारली, बॉनेट उघडलं, हातपंप मारला. बावीस मिनिटांनी चालू झाले. चितेगावच्या पुढं पुन्हा. सारजाबाई रस्त्याच्या कडेला तांब्या मांडीवर घेऊन बसली. तिच्या विहिरीचं पाणी होतं त्यात. येणाऱ्या गाड्यांची धूळ पडू नये म्हणून तिनं वर पदर धरला होता.

"किती राहिलं?" तिनं विचारलं.

"जास्त नाय." पुंजारामच्या बोटांना रक्त आलं होतं. "तू बस. व्हतीयच आता."

बिडकीन ओलांडल्यावर मी तिसऱ्यांदा बंद पडले. साडेअकरा झाले होते. आणि तेवढ्यात मागून पैठणची यष्टी आली. सारजाबाई उठली, रस्त्याच्या मधे जाऊन तिनं हात केला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टरनं दार उघडलं.

"म्या जाते यानं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी या मागून."

तिनं एक पाय पायरीवर ठेवला. पुंजारामनं त्याच वेळी, शेवटचा प्रयत्न म्हणून, किल्ली फिरवली.

आणि मी चालू झाले.

मित्रांनो, आयुष्यात मी शेकडो वेळा चालू झाले असेन. त्या एका वेळी झाले नसते तर! इंजिन छान घुमायला लागलं. पुंजाराम आनंदानं ओरडला, "आगं ये! झाली चालू! यष्टी समद्या गावांत थांबंल, आपन तिच्याआधी जातो!" सारजाबाई क्षणभर थांबली. मग तिनं पायरीवरचा पाय काढला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, नक्की?" ती म्हणाली, "जा तुमी, दादा." यष्टी निघून गेली. ती माझ्यात येऊन बसली, आणि माझ्या दाराला हात लावून हळूच म्हणाली, "चल माझी बाई. येवढं पोचीव."

मी जीव तोडून पळाले. त्या यष्टीला मागंही टाकलं. पण ढोरकीनच्या पुढं, दोन्ही बाजूंना नुसती मोसंबीची बाग आणि माणूस नाही अशा जागी, माझा श्वास पुन्हा संपला. ती यष्टी मागून आली आणि गच्च भरली होती म्हणून न थांबता गेली. कंडक्टरनं खिडकीतून हात हलवला, जागा नाही असा. त्यानंतर तासभर काही आलं नाही. पुंजाराम मला लाथ मारून रडला. त्यानं मला कधी साधी शिवीसुद्धा दिली नव्हती.

आम्ही कडूबाच्या दारात पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. दारात बाया बसल्या होत्या. कडूबा बाहेर आला आणि मान खाली घालून म्हणाला, "आक्का, दीडला गेली. तवर दाराकडंच बघत व्हती. म्या पानी दिलं, तर तोंड फिरवलं."

सारजाबाई तांब्या घेऊन आत गेली. आत काय झालं ते मला दिसलं नाही. आवाज मात्र ऐकू आला. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

बाहेर आली तेव्हा ती माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाली, "ही गाडी माझ्या दारात नगं."

तेराव्यानंतर पुंजाराम मला घेऊन एकटाच हर्सूलला गेला. झालं ते त्यानं लालमिस्त्रीला सांगितलं. लालमिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. मग हात पुसत उठला. "गाडी गॅरेज में तो कभी बंदच नहीं पडी. मैं इत्ते दिन गॅरेज मेंच देखता रहा. चल, आज मैं साथ बैठता. बोल, टाकी भरी रहती तब बंद पडती के आधी रहती तब?"

पुंजारामनं आठवून पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. "भरली की जास्त."

"हौ? ये मेरेकू पहले कायकू नहीं बोला?"

"तुमी इचारलं कुठं?"

त्यांनी टाकी भरली आणि मला चौक्याच्या घाटाला घातलं. मधल्या वळणावर मी थांबले. लालमिस्त्री म्हणाला, "हात नक्को लगाऊ." त्यानं फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला. नळीत हवा असती तर फेस यायला हवा होता, नाहीतर डिझेल तरी. काहीच आलं नाही. त्यानं बोटाला थुंकी लावून ते स्क्रूच्या भोकावर ठेवलं आणि दचकला. बोट आत ओढलं जात होतं. "ये तो उलटा खींच रही!" तो नळी धरून मागं मागं टाकीपर्यंत आला आणि त्यानं झाकण फिरवलं.

सूंऽऽ करून मी श्वास घेतला. घाटात दम संपल्यावर मिळालेला पहिलाच पोटभर श्वास. दोघंही बघत राहिले. लालमिस्त्रीनं चार हात हातपंप मारला, धार लागली, स्क्रू आवळला, किल्ली फिरवली. मी लगेच चालू झाले.

मिस्त्रीनं झाकण उलटं केलं. आत रबराची काळी चकती. नखानं ती उचकटून त्यानं पुंजारामच्या हातावर ठेवली. "किसने किया ये?"

पुंजारामनं ती उन्हात धरली. कडेनं टाके होते. एक लांब, दोन आखूड, मग पुन्हा एक लांब. तो रोज रात्री ज्या गोधडीखाली झोपायचा, तिच्यावर हेच टाके होते. त्यानं अंगठा त्या टाक्यांवरून एकदा पूर्ण फिरवला.

"म्या," तो म्हणाला. "म्याच केलं. तुमीच म्हनला व्हता ना, डिझेलला हवा लागू देऊ नगा."

लालमिस्त्रीनं टाक्यांकडं पाहिलं, मग पुंजारामच्या जाड, फाटक्या बोटांकडं. शहाणा माणूस होता, त्याला उमगलं. तो घाटाच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "मेरीच गलती है, भाऊ. मैं नली बोलना था, डिझल बोल गया." पुंजारामनं ती चकती दरीत फेकली, तारेनं भोकातला साबण टोकरून काढला, आणि मग तोंडावर रुमाल धरून रडला. मला त्याला सांगावंसं वाटत होतं की मी आता बरी आहे. पण ते त्याला दिसतच होतं, आणि म्हणूनच तो रडत होता.

घरी सारजाबाईनं विचारलं, "काय निघालं?"

माझं इंजिन अंगणात घड्याळासारखं चालत होतं. पुंजारामनं किल्ली बंद केली. "पंपच गेलाय," तो खाली बघत म्हणाला. "जुनं दुखनं हाय. नीट व्हायचं नाय आता. इकून टाकू."

तोंडावर मला रोगी ठरवलं त्यानं! एक क्षण मला फार राग आला. मी निरोगी आहे असं सांगितलं असतं, तर मी राहिले असते. पण मग सारजाबाईनं पुढचा प्रश्न विचारला असता, बरी झाली ती कशानं? आणि त्या उत्तराबरोबर तिला उरलेलं आयुष्य काढावं लागलं असतं. बायकोला ते कळू नये म्हणून त्यानं आपला चालता हात तोडून द्यायचं ठरवलं. मग माझा राग गेला. एवढ्याशा दोषानं माझं काय बिघडणार होतं? माझा पत्रा जाड आहे.

गिऱ्हाईक म्हणून पैठणचे आप्पासाहेब आले. त्यांची रोपवाटिका होती. पुंजारामनं त्यांना बाजूला घेऊन कानात सांगितलं, "गाडी ठणठणीत हाय. घरात बोलू नगा. झाकनाचं भोक तेवढं मोकळं ठेवा." मग दोघं चहाला आत गेले.

तेवढ्यात सारजाबाई बाहेर आली. हातात कुंकवाची कोयरी होती. राग असला तरी घरातून निघणाऱ्याला कुंकू लावल्याशिवाय ती पाठवायची नाही. तिनं मला कुंकू लावलं. मग इकडंतिकडं पाहून टाकीपाशी आली. आपण केलेली चकती परक्याच्या गाडीबरोबर कशाला जाऊ द्यायची, असं तिच्या मनात आलं असावं. एखाद्या बरणीला झाली असती. तिनं झाकण काढून आत बोट घातलं.

चकती नव्हती. तिनं झाकण उजेडात धरलं. भोक स्वच्छ, आरपार. कडेला तारेचे ओरखडे होते.

ती तशीच उभी राहिली. एक-एक गोष्ट तिच्या मनात जुळत गेली असेल. कधीपासून गाडी बंद पडू लागली. कधी झाकण शिवलं. नवऱ्यानं ते काढलं आणि काढल्याचं बोलला का नाही. चांगली चालणारी गाडी तो का विकतोय. तिनं माझ्या पत्र्यावर कपाळ टेकलं आणि विचारलं, "म्याच व्हय गं?"

मित्रांनो, इंजिन बंद होतं. मला उत्तर देता आलं नाही. आजही वाटतं, आलं असतं तर मी खोटं बोलले असते.

आतून पावलं वाजली. तिनं घाईनं झाकण लावलं, पदरानं डोळे पुसले.

"काय करतीस?" पुंजारामनं विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती.

"काय नाय. धूळ पुसत व्हते." ती त्याच्याकडं वळली. पदर सावरत म्हणाली, "पंपाचंच दुखनं व्हतं म्हना."

"व्हय," पुंजाराम म्हणाला. "पंपाचंच."

आप्पासाहेबांनी किल्ली फिरवली आणि मी पहिल्या झटक्यात चालू झाले. दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर नवल दिसलं नाही.

त्यानंतर मी आप्पासाहेबांकडं चौदा वर्षं राबले आणि एकदाही वाटेत थांबले नाही. मग इंजिन थकलं, ते काढून नेलं, आणि मी या कुंपणाशी आले. तुमच्याकडं माझं मागणं फार नाही. एखादी वस्तू बंद पडली तर तिला लाथ मारू नका. ती तुमच्याशी वैर करत नसते, तिला काहीतरी कमी पडत असतं. आणि कुणाची काळजी घेताना एखादं भोक बुजवायला निघालात, तर आधी विचारा की ते कशासाठी ठेवलं आहे.

आणखी एक. फुलंब्रीकडं कधी गेलात आणि तिकडच्या एका वाडीत अंगणात बसलेलं एखादं म्हातारं जोडपं दिसलं, तर पाणी प्या, रामराम करा, पण माझं नाव काढू नका. त्याला वाटतं, तिला ठाऊक नाही. तिनं त्याला तसंच वाटू दिलं आहे. तुम्हीही वाटू द्या.